सतरंज्या कोण उचलणार?



गेल्या महिन्यात आमच्या विहाराच्या मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. झाली म्हणायचे एवढेच. सभासद नोंदवहीत ११८ नावे, सभेला हजर १४. त्यातले ९ आम्ही कार्यकारिणीवाले, म्हणजे बोलावणारेही आम्ही आणि येणारेही आम्ही. उरलेल्या पाचांपैकी दोन आजोबा रोज संध्याकाळी विहारात बसतातच. ते जागचे उठले नाहीत, म्हणून हजेरीत धरले. आमच्या नोटिशीत शेवटी एक ओळ असते. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी सभा घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही. गेली काही वर्षे आमची प्रत्येक सभा ही त्या अर्ध्या तासानंतरचीच सभा असते.

या वेळी मात्र नुसते हात वर करून भागणार नव्हते. आमचे खजिनदारकाका निवृत्त होऊन गावी राहायला गेले. बँकेत पैसे काढायला दोन सह्या लागतात आणि त्यातली एक खजिनदाराची हवीच. नवा खजिनदार निवडायचा, ठराव लिहायचा, ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यायचा, मग बँकेत कागद न्यायचे. हे झाले नाही तर खात्यात पैसे असूनही विहाराच्या माळ्यावरच्या अभ्यासिकेचे वीजबिल भरता येणार नाही. त्या माळ्यावर रात्री वीसेक मुले-मुली अभ्यासाला बसतात. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, आजारी आजी आणि धाकटी भावंडे असताना दुसरीकडे बसणार कुठे? सभेत अध्यक्षांनी तीनदा विचारले, खजिनदारपदासाठी कोणी इच्छुक आहे का? चौदाही जण सतरंजीकडे बघत बसले.

सभा संपल्यावर जे नेहमी होते तेच झाले. चहा आला आणि चर्चा सुरू झाली. लोकांना समाजाची आस्थाच राहिली नाही, प्रत्येकाला आपला मोबाइल आणि आपली खोली, बाबासाहेबांनी यांच्यासाठी एवढे केले आणि हे महिन्यातून एक तास देत नाहीत. सगळ्यांत मोठ्या आवाजात मीच बोलत होतो हे कबूल करतो. शेवटी मी आणि एक आजोबा सतरंज्या घड्या करायला लागलो. आजोबा म्हणाले, "अरे, चौदा माणसांना एक पुरली असती. चार कशाला घातल्यास?"

घरी आलो, पण झोप लागेना. मी बी.कॉम. झालेला कारकून. माणसांपेक्षा मला पावतीपुस्तके लवकर समजतात. कपाटातून गेल्या दहा वर्षांची वर्गणीची पुस्तके काढली आणि कोण कधीपर्यंत पैसे देत होता ते कागदावर मांडत बसलो. माझी समजूत अशी की लोक हळूहळू गळत गेले असतील. स्थलांतर झाले, म्हातारी माणसे गेली, मुले दुसरीकडे राहायला गेली. पण पुस्तकात तसे नव्हते. २०२० पर्यंत आकडा जवळपास तोच होता. त्यानंतर एकदम खाली.

२०२० म्हणजे कोरोना, हे कुणीही सांगेल. पण कोरोनाचे दिवस सरले, लोकांच्या नोकऱ्या पुन्हा लागल्या, तरी वर्गणी परत आली नाही. मग आठवले. त्याआधी महिन्याच्या १० तारखेनंतर आमच्या चाळीतल्या एक आक्का घरोघर फिरून वर्गणी गोळा करायच्या. आक्कांचे मालक गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच आणि आक्कांनी लोकांची धुणीभांडी करून मुले वाढवली. शिक्षण चौथी, पण कुणाची किती बाकी हे वहीशिवाय सांगत. कोरोनात त्यांचे फिरणे बंद झाले. पुढे आम्ही सुधारणा केली. विहाराच्या भिंतीवर क्यूआर कोड चिकटवला आणि व्हॉट्सॲपवर संदेश टाकला की वर्गणी आता घरबसल्या भरावी. आक्कांना सांगितले, तुम्हाला आता त्रास नको. सुधारणा माझीच होती. सभेत टाळ्याही मिळाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आक्कांकडे गेलो आणि ते कागद दाखवले. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "भाऊ, लोक वीस रुपये मंडळाला देत होते असं तुला वाटतं? मी जायचे, बसायचे, पाणी प्यायचे. कोणाची मुलगी पास झाली, कोणाला दवाखान्यात न्यायचंय, कोणाच्या घरी दारूवरून भांडण झालं, हे सगळं त्या वीस रुपयांत यायचं. तुझ्या भिंतीवरच्या चौकोनाला कोण सांगणार?"

वाचकहो, माणूस संस्थेत का येतो, हा प्रश्न मोठमोठ्या विद्वानांनाही पडलेला आहे. मॅन्कुर ऑल्सन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली यावर एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे साध्या भाषेत असे. संस्थेच्या कामाचे फळ सगळ्यांनाच मिळणार असेल, तर शहाणा माणूस म्हणेल की दुसऱ्याने राबावे, फळ मला आपोआप मिळेलच. म्हणून मोठ्या संस्थेला सभासद टिकवायचे असतील, तर जो सभासद आहे त्यालाच मिळेल असे काहीतरी वेगळे द्यावे लागते. आमच्या बी.कॉम.च्या अभ्यासात हे नाव नव्हते, पण ते वाचल्यावर मला आमच्या मंडळाची भांडी आठवली.

ज्यांचे बालपण मुंबईच्या चाळीत गेले त्यांना ही भांडी माहीत असतील. कोकणातून, घाटावरून आलेल्या आपल्या माणसांनी गावागावांची, तालुक्यातालुक्यांची मंडळे काढली. मंडळाच्या मालकीची मोठी पातेली, परात, डाव, झारे, सतरंज्या, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या. प्रत्येक भांड्यावर मंडळाचे नाव टोचलेले. लग्न निघाले की सभासदाने अर्ज द्यायचा आणि भांडी न्यायची. कोणी वारले की मंडळाची माणसे पहिली दारात. बांबू, कापड, गावी तार, खांदा द्यायला चार माणसे, सगळे मंडळ बघायचे. वर्गणी थकली असेल तर मयताच्या वेळी कोणी बोलत नसे, पण लग्नाच्या वेळी भांडी अडायची. ऑल्सनसाहेबांनी जे लिहिले ते आपल्या अंगठेबहाद्दर पुढाऱ्यांना लिहिता आले नसते, पण वापरता मात्र येत होते.

आता लग्नाला केटरर येतो. हॉलमध्ये भांडी असतात, खुर्च्या असतात. शववाहिनी फोनवर येते. आमची पातेली माळ्यावर पालथी पडून आहेत आणि त्यांच्यावर मुलांच्या दप्तरांचा ढीग असतो. सभासद असण्याचा रोकडा उपयोग संपला. याचा दोष लोकांना कसा देणार? हाती चार पैसे आले, त्याचाच हा परिणाम, आणि ते यावेत म्हणून तर चळवळ होती.

पण एवढ्यावर थांबलो तर हिशेब जुळत नाही. भांड्यांसाठी माणसे मंडळात आली हे खरे, महाडला कशासाठी आली?

१९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. महाड नगरपालिकेने पुढे आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण ठराव कागदावर राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. त्या परिषदेसाठी पिण्याचे पाणीसुद्धा सवर्णांकडून ४० रुपये देऊन विकत घ्यावे लागले होते. ज्या गावात तळे भरलेले, त्याच गावात पाणी विकत! २० तारखेला बाबासाहेबांच्या मागोमाग लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले आणि परत येऊन जेवायला बसतात तोच मार खाल्ला. शहाण्या माणसाने हिशेब केला असता तर घरीच बसला असता. तळे खुले झाले तर त्याचा फायदा न आलेल्यांनाही मिळणारच होता.

तरी लोक आले. लांबलांबच्या गावांतून, भाकरी बांधून, पायी आले. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखा त्याच भागातला तरुण परिषदेच्या कामासाठी झटत होता. अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सवर्ण सोबतीही होते. त्या भागात लष्करातून निवृत्त झालेली माणसे पुष्कळ. त्यांनी बाहेरचे जग पाहिलेले होते. मला वाटते, पत्रक वाचून माणूस घरातून निघत नाही. ओळखीचा माणूस दारात येऊन "तुला यायचंय" म्हणतो, तेव्हा निघतो. आक्कांनी सांगितले ते काही फार वेगळे नव्हते.

आणखीही एक गोष्ट आहे. ज्या माणसाला गावच्या चावडीसमोर लांब उभे राहावे लागत होते, ज्याचे मत कोणी कधी विचारले नव्हते, त्याला सभेत मांडी घालून बसायला मिळाले. त्याच्यासमोर ठराव वाचला गेला आणि "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावा" असे त्याला कोणी म्हटले. तो हात वर जाताना त्या माणसाला काय मिळाले असेल, हे पावतीपुस्तकात लिहिता येणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाचा दाखला दिला. संघाला बसण्याच्या व्यवस्थेचे, प्रस्ताव मांडण्याचे, गणसंख्येचे, मतमोजणीचे आणि गुप्त मतदानाचेही नियम माहीत होते, असे त्यांनी सांगितले. आम्ही ते दरवर्षी २६ नोव्हेंबरच्या कार्यक्रमात ऐकतो आणि नंतर आमची सभा गणसंख्येशिवाय उरकतो.

लोकांना आस्था नाही हे म्हणणे तर १४ एप्रिललाच खोटे ठरते. जयंतीच्या आधीच्या चार रात्री आमच्या विहारात पाय ठेवायला जागा नसते. रिक्षावाले, कुरिअरवाले, रुग्णालयातले वॉर्डबॉय, पाळी संपवून आलेली पोरे खांब रोवतात, दिवे लावतात. ६ डिसेंबरला दादरला जाऊन बघा. शिवाजी पार्कच्या आसपास पाणी वाटणारे, जेवण वाढणारे, गोळ्या-औषधे देणारे हजारो हात असतात. त्यातल्या कितीजणांनी कधी सभेचे इतिवृत्त वाचले असेल? म्हणजे माणसे आहेत, अंगात बळ आहे, द्यायची तयारी आहे. ती आमच्या सभेला येत नाहीत एवढेच. मग चूक सभेतच शोधायला हवी.

आक्का म्हणाल्या, चल, मी येते. दोन रविवार आम्ही फिरलो. पैसे मागायचे नाहीत, फक्त विचारायचे, असे ठरवून. तरी पहिल्या तीन घरांत आम्हाला बघताच लोकांनी पाकीट काढले. लाज वाटली.

एक रिक्षावाला भाऊ म्हणाला, "सचिवसाहेब, वीस वर्षं झाली इथे राहून. मंडळाने माझ्याकडे पैसे मागितले, रिक्षा मागितली. काम कधी सांगितलं? तुमचं सगळं ठरलेलं असतं, आम्ही येऊन मान हलवायची." मला उत्तर देता आले नाही. कार्यकारिणीची यादी मागच्या पंधरा वर्षांत फारशी बदललेली नाही. लोक येत नाहीत म्हणून आम्हीच राहिलो की आम्हीच राहिलो म्हणून लोक येत नाहीत, हे आता मलाही सांगता येत नाही. व्यासपीठावरच्या खुर्च्यांची मात्र कधी टंचाई पडली नाही. प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी, स्वागताध्यक्ष अशी नावे छापून पत्रक एवढे भरते की कार्यक्रम काय आहे ते शोधावे लागते.

वरच्या मजल्यावर एक ताई भेटल्या. खाजगी रुग्णालयात आया आहेत. त्या तर चिडल्याच. "सभा रविवारी रात्री आठला ठेवता. त्या वेळी तुमच्या घरात भाकऱ्या कोण थापतं?" नंतर म्हणाल्या, "बुद्धपौर्णिमेला खीर करायला आम्ही. रांगोळीला आम्ही. पाहुण्यांना ओवाळायला आमच्या मुली. हिशोबाच्या वेळी आम्ही कुठे असतो?"

२० जुलै १९४२ ला नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि वीस-पंचवीस हजार स्त्रिया हजर होत्या. अंगठा लावणाऱ्या बायाबापड्या होत्या त्या, आणि तरी त्यांनी ठराव केले. पुढे त्या स्त्रिया आपल्या सभांतून कुठे गेल्या? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांच्या घरी जाऊन त्यांच्या आठवणी टिपल्या आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आणले, तोवर पुष्कळांच्या घरातल्यांनाही आपल्या आईचे, आजीचे काम ठाऊक नव्हते. आमच्या मंडळात 'महिला सदस्य' म्हणून एक पद आहे. त्या पदावरच्या ताई सभेला येतात आणि चहाचे कप मोजतात. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण असे आहे.

दुसऱ्या रविवारी शेवटचे घर एका तरुणाचे होते. तिशीचा असेल. खाजगी कंपनीत हिशेबाच्या कामाला आहे आणि वाणिज्य शाखेचाच, त्यामुळे आक्कांच्या मनात खजिनदार म्हणून तोच होता. मला त्याच्याकडे जायचे नव्हते. मी कारण सांगितले की उशीर झाला आहे. आक्का म्हणाल्या, "उशीर झालाय म्हणूनच जाऊ या."

कारण वेगळेच होते. २०१८ च्या वार्षिक सभेत हा मुलगा मागच्या रांगेतून उठला होता. तेव्हा नुकताच पदवीधर झालेला. त्याने विचारले की जयंतीच्या मंडपाचा खर्च जमाखर्चात दिसतो आहे, त्याची पावती बघायला मिळेल का. विचारण्याची पद्धतही नीट होती. मी उत्तर दिले, "तू कोणाचा रे? तुझी वर्गणी तरी भरली आहे का?" सभा हसली. अध्यक्ष म्हणाले, बस खाली बाळ. तो बसला नाही, चप्पल घालून निघून गेला. त्यानंतर तो मंडळाच्या सभेला आला नाही. त्याच्या वयाची आणखी चार-पाच मुले यायची, तीही हळूहळू दिसेनाशी झाली. गंमत म्हणजे त्याची वर्गणी भरलेली होती. त्याची आई भरायची, आक्कांकडे. परवा पुस्तके चाळताना ती पावती मला दिसली.

एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हे पारितोषिक मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. कुरणे, मासेमारी, पाटाचे पाणी अशा सामाईक गोष्टी साधी माणसे पिढ्यान्पिढ्या कशा सांभाळतात, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. त्यांना असे आढळले की जिथे नियम करण्यात वापरणाऱ्यांचा हात असतो आणि जिथे त्यांना एकमेकांच्या वागण्यावर लक्ष ठेवता येते, तिथे संस्था टिकते. हिशेब विचारणारा माणूस म्हणजे संस्थेचा शत्रू, असे आम्ही धरून चाललो होतो. खरे तर त्या सभेत मंडळाच्या पैशाची काळजी वाटणारा तो एकटाच असावा.

मंडपाच्या खर्चात खोट होती का? नव्हती, असे मी आजही म्हणतो. मंडपवाला ओळखीचा, त्याने कच्च्या कागदावर लिहून दिले, खजिनदारांनी पैसे दिले. पण हे मी तेव्हा सांगितले नाही. विचारले याचाच राग आला. आपण फुकट राबतो, स्वतःच्या खिशातून बसभाडे घालून कार्यालयांत खेटे मारतो आणि कालचा पोरगा पावती मागतो! फुकट राबणाऱ्याला असा एक माज येतो. पगार घेणाऱ्या माणसाला तो परवडत नाही.

दार त्याच्या आईने उघडले. आक्कांना बघून "या, या" झाले, मला बघून बाई थोड्या थांबल्या. मुलगा लॅपटॉपवर काम करत होता. मी उभ्या उभ्याच सांगितले की २०१८ ला मी तुझ्याशी चुकीचे वागलो, तुझी वर्गणी भरलेली होती, आणि पावती दाखवणे माझे कामच होते. तो म्हणाला, "काका, बसा ना." मग बराच वेळ कोणी बोलले नाही. आक्कांनी त्याच्या आईला गुडघ्याचे कसे आहे ते विचारले.

खजिनदारपदाचे मी त्या दिवशी काढले नाही. आक्कांनीच काढले. त्याने लगेच हो किंवा नाही म्हटले नाही. त्याने विचारले, "त्या वर्षीची फाइल अजून आहे का?" मी म्हटले, आहे. तो म्हणाला, "आधी ती बघतो. मग सांगतो."

संध्याकाळी मी फाइल नेऊन दिली. पुढची सभा आता रविवारी दुपारी ४ ला ठेवली आहे. आयाचे काम करणाऱ्या ताईंची पाळी तेव्हा नसते, त्यांनीच वेळ सांगितली. क्यूआर कोड भिंतीवर राहू दिला आहे, पण १० तारखेपासून आक्का पुन्हा फिरणार आहेत आणि त्यांच्या सोबतीला त्यांची नात असेल, कारण आक्कांना जिने चढवत नाहीत. रिक्षावाल्या भावाला सांगितले आहे की अभ्यासिकेची वायरिंग जुनी झाली आहे, ती बघायला कोणाला आणायचे ते तुम्हीच ठरवा. तो म्हणाला, बघतो. बदल अर्जाच्या मुदतीचे अजून दोन महिने आहेत.

परवा त्या मुलाचा फोन आला. फाइलमधली व्हाउचर त्याने क्रमाने लावली आहेत आणि २३ नंबरचे त्यात नाही. मी घरातले कपाट दोनदा पालथे घातले. खजिनदारकाकांना गावी फोन केला, ते म्हणाले पेटीत बघतो. अजून सापडलेले नाही.